गावचा भीम कसा सांगावा

भिवंडी तालुक्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात कळतात. पाणी किती वाजता येतं आणि मानकोली नाका कधी मोकळा असतो (नसतो). तिसरी कळायला एखादा पावसाळा जावा लागतो. ज्या गावाच्या भातशेतीत आपली बिल्डिंग उभी राहिली, त्या गावात पूर्वी अचाट ताकदीचा एक गडी होऊन गेला. त्याच्यासारखा पुन्हा झाला नाही आणि होणारही नाही. काल्हेरला विचारा, खारबावला विचारा, पडघ्याकडे विचारा, नाहीतर वज्रेश्वरीच्या वाटेवर कुठेही उतरून विचारा. गाव बदलतं, गडी तोच.

ही गोष्ट नुसती ऐकून घेणारा त्या गावात शेवटपर्यंत भाडेकरू राहतो. ज्याला ती सांगता येते त्याला पारावर सरकून जागा देतात आणि हळदीला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. म्हणून हे प्राथमिक मार्गदर्शन नवे भाडेकरू, नवे जावई, बदली होऊन आलेले गुरुजी आणि आजोबा गेल्यावर अचानक गावाची ओढ लागलेले इंजिनियर नातू यांच्यासाठी. शिक्षणाची अट नाही. ताकदीची तर मुळीच नाही.

गडी निवडणे

गडी मेलेला हवा. किती वर्षांपूर्वी मेलेला? इतक्या, की त्याला पाहिलेला एकही माणूस हयात नसावा, पण त्याला पाहिलेल्या माणसाला ओळखणारे चार जण पारावर असावेत. या चौघांशिवाय गोष्ट सुरू करू नये. तुम्ही अडखळलात की तेच पुढे नेतात.

तो तुमच्या घरातला नसावा. स्वतःच्या आजोबांची ताकद सांगणाऱ्याचं लोक ऐकून घेतात आणि विषय बदलतात. चुलत आजोबा चालतात. आईच्या मामाचे सासरे उत्तम.

त्याच्याकडे कागद नसावा. हा नियम नवशिक्यांना पटत नाही, म्हणून उदाहरण देतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि फ्रीस्टाइल कुस्तीत बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. सगळं खरं, सगळं नोंदलेलं: साल, गट, पदक, गहाणखत. आता यात सांगणाऱ्याने आपलं काय घालायचं? खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर आला. कागद असलेल्या माणसाची ही गत. तुमच्या गड्याकडे कागद नाही, त्यामुळे त्याला दर दिवाळीला बढती मिळू शकते.

स्वभाव मवाळ ठेवावा. त्याने आयुष्यात कुणावर हात उगारलेला नसतो. आपल्या अंगात किती जोर आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, आणि ते कळण्यासाठी एक शेठ लागतो.

शेठ अत्यावश्यक. सावकार, खोत, भाताच्या गिरणीचा मालक, यांपैकी कुणीही चालेल. गडी दारात उभा असतो, पोरं घरी उपाशी असतात, आणि शेठ हसत हसत म्हणतो, एवढं पोतं एकट्याने उचललंस तर घेऊन जा. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गड्याने पोतं खांद्यावर टाकलं, मागे वळूनही पाहिलं नाही आणि सरळ घरी. इथे थांबावं, तंबाखू मळावी आणि मग म्हणावं: "शेटचा थोबार बघन्यासारखा झाला." या वाक्यासाठीच लोक बसलेले असतात.

ते का बसलेले असतात हेही समजून घ्या, म्हणजे वाक्य नीट पडेल. या गोष्टी बहुतेक कुळकायद्याच्या आधीच्या काळातल्या असतात. १ एप्रिल १९५७ हा 'कसणाऱ्याचा दिवस' ठरला आणि कुळं कायद्याने जमिनीची मालक होऊ लागली. त्याआधी भात पिकवायचा कुळाने आणि खळ्यावरून खंडी-खंडीने जायचा मालकाच्या घरी. पोतं उलट्या दिशेने, मालकाच्या दारातून कुळाच्या घराकडे निघाल्याची गोष्ट त्या काळात एकच होती, ती ही. ताकद निमित्ताला आहे.

वजन

नवशिक्या इथेच फसतो. वजन नेहमी मणात सांगावं. किलोत सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात सिलिंडर उचलून बघतो.

मणाची सोय अशी की मण एक नव्हता. जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे साधारण पावणेतेरा किलो. रेल्वेत आणि सरकारी हिशेबात चालणारा चाळीस शेरांचा बंगाली मण साडेसदतीस किलोंच्या जरा आत. त्यामुळे "पाच मणांचं पोतं" हे ६३ किलोही असू शकतं आणि १८६ किलोही. पहिलं उचलणारा आजही कुठल्याही गोदामात दिवसभर दिसेल. दुसरं उचलणारा दंतकथेत जातो. दोघांचं पोतं शब्दात सारखंच.

१९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक वजनं लागू होऊ लागली आणि गोष्टीला दुसरा फायदा झाला. तरुण सांगणारे आकडा तोच ठेवून मणाचा क्विंटल करतात. पाच मण होते ते पाच क्विंटल झाले. कुणी खोटं बोललं नाही, फक्त सरकारने मापं बदलली.

ऐकणाऱ्याने "कुठला मण?" असं विचारलंच, तर "मोठा" म्हणावं.

दगड

गावात देवळापुढे किंवा तालमीत उचलायचा गोटा असेल तर तुमचं काम सोपं. नसेल तर असलेल्यातला एक निवडावा, पण शेंदूर लावलेला निवडू नये. देवाला उचलल्याचा आळ गड्यावर यायचा.

दगडाच्या बाबतीत आपण सगळे ज्याच्यापुढे नवशिके आहोत तो दगड बडोद्यात आहे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात अडीच फुटांचा एक धोंडा ठेवलाय. वजन १२०० किलो सांगतात. त्यावर कोरलंय की २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा पैलवानाने हा उचलला. नुसता उचलला नाही, छातीशी धरून काही पावलं चालला, असंही सांगतात. आता शेजारी हे ठेवून बघा. २०१६ साली एडी हॉल या इंग्रज गड्याने लोखंडी दांडीवरून ५०० किलो जमिनीपासून फक्त मांडीपर्यंत उचलले, तर नाकातून रक्त आलं आणि तो भोवळ येऊन पडला. २०२० साली आइसलँडच्या ब्योर्नसनने ५०१ केले. म्हणजे आधुनिक आहार, पट्टे, डॉक्टर आणि टीव्ही कॅमेरे लावून माणसाने चार वर्षांत एक किलो पुढे सरकवला. गामा त्यांच्या दुपटीहून बराच पुढे, तोही दांडीवरून नाही, दगड घेऊन.

गामा मोठा मल्ल होता यात वाद नाही. पण त्या धोंड्याकडे बघून शिकायचं ते वेगळंच. गोष्ट तोंडी असेल तर वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. दगडावर कोरली तरी वाढते, हे बडोद्याला जाऊन कळतं. तिथे तारीख पक्की आहे, नाव पक्कं आहे, धोंडा समोर आहे. फक्त 'उचलला' म्हणजे किती, एक बोटभर की छातीपर्यंत, हे कोरणाऱ्याने सांगितलेलं नाही. चांगल्या सांगणाऱ्याने हे क्रियापद असंच मोकळं ठेवावं.

स्कॉटलंडच्या लोकांनी याच्या उलट केलं आणि स्वतःचं नुकसान करून घेतलं. तिथे डोनाल्ड डिनी नावाच्या गड्याने १८६० साली लोखंडी कड्या बसवलेले दोन दगड दोन हातांत धरून पॉटार्कचा पूल पार केला. ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे कशेळीच्या पुलाएवढं काहीतरी येतं. पण त्या लोकांनी दगड तोलले, दोन्ही मिळून ३३२ किलो भरले. मग पूलही मोजला. डिनी पुलाच्या लांबीत गेलाच नव्हता, रुंदीत गेला होता: सतरा फूट दीड इंच. तरीही पराक्रम अफाटच आहे, आज कसलेले गडी त्या कड्यांना हात घालून नुसते दगड हलवायला जगभरातून तिथे जातात. पण तो दीड इंच वाचला की पारावरची मजा जाते. आपल्याकडे पूल मोजायचा झाला तर लांबीतच मोजावा.

साक्षीदार

स्वतः पाहिलं असं कधीही म्हणू नये. वय लगेच काढतात. "माझे बापानी सोताचे डोल्यानी बघलेला" हे सर्वात मजबूत वाक्य, आणि ते इथल्या आगरी बोलीतच म्हणावं. प्रमाण भाषेत म्हटलंत तर पुरावा मागतील.

इतर पराक्रम थोडक्यात

बैल रुतले आणि गड्याने जू खांद्यावर घेऊन गाडी चिखलातून ओढली: ही गोष्ट रोज चालते, पण बैलांबद्दल वाईट बोलू नये. बैलाचे मालक अजून गावात आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बैलगाडा शर्यतींना मान्यता दिल्यापासून त्यांचा आवाज वाढलाय.

पूल नव्हता तेव्हा भरतीत खाडी पोहून ठाण्याला गेला: चालेल. परत आला की नाही, हे आधी ठरवून घ्या.

वाघ: एक पुरे.

जेवण: गड्याचा खुराक सांगताना बदाम आणि तूप आणू नये, ते कोल्हापूरकडचं. इथला गडी तांदळाच्या भाकरीवर आणि सुकटीवर वाढलेला. भाकऱ्यांचा आकडा पाहुणे किती आहेत ते बघून ठरवावा. जास्त पाहुणे असतील तर कमी सांगा, घरातल्या बाईला ऐकू जातं.

बायका

या गोष्टींत बायका नसतात. तालुक्यातल्या पारांवर बसून कितीही ऐका, गडीच येतात. महाराष्ट्राला ठाऊक असलेली अशी बाई विचारली तर लोक हिरकणीचं नाव घेतात: रायगडावर दूध घालायला गेलेली, दिवस मावळल्यावर दरवाजे बंद झाले म्हणून अंधारात कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेली, आणि जिच्या नावाचा बुरूज आहे ती. गोष्ट सुंदर आहे. पण बघा, पुरुषाला दगड उचलायला कारण लागत नाही. बाईला कडा उतरायला घरी बाळ रडत असावं लागतं. आणि महाराजांनी पाहून बुरूज बांधला नसता तर तेवढंही उरलं नसतं.

कातकरी-वारली बाई ओल्या लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरून पडघ्याच्या नाहीतर वज्रेश्वरीच्या बाजाराला यायची. आगरी बाई मासळीची किंवा भाजीची पाटी घेऊन कल्याण-ठाण्यापर्यंत जायची, आणि संध्याकाळी परत येऊन चूल पेटवायची. त्या मोळीचं वजन कुणी मणात सांगत नाही. नवशिक्यांनी ही गोष्ट सांगू नये. सांगितली तर पारावर शांतता पसरते, आणि ती आदराची नसते. कुणाच्याच लक्षात येत नाही की यात पराक्रम कुठे आहे.

काय अजिबात सांगू नये

हाच धडा पुढे वाढवतो, कारण बाहेरून आलेले हुशार लोक इथे हमखास चुकतात. त्यांना वाटतं, ताकदीच्याच गोष्टी सांगायच्या तर समोर दिसतात त्या सांगू.

उदाहरणार्थ डुबी. या खाडीत हातपाटीने रेती काढायचे तेव्हा होडीतून खाली बांबू रोवलेला असे. डुबीवाला तो बांबू धरून, बादली घेऊन, श्वास कोंडून तळाला जायचा. तळ तीस-चाळीस फूट खाली, पाणी गढूळ, डोळे उघडून उपयोग नाही. हाताने चाचपडत बादली भरायची, वर यायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. सकाळपासून ओहोटी-भरतीच्या हिशेबाने हेच. ठाणे-मुंबईतल्या किती इमारतींच्या भिंतींत ही रेती आहे ते त्या भिंतींनाच माहीत. पाण्याच्या दाबाने कान जायचे, म्हणून म्हाताऱ्या डुबीवाल्याशी बोलताना ओरडावं लागतं. पुढे सक्शन पंप आले, बंद्या आल्या, धाडी आल्या. पाण्याखाली चाळीस फूट दिवसभर जाऊन येणारा माणूस कुठल्याही देशात गोष्टीचा नायक झाला असता. इथे तो नोकरीला होता, त्यामुळे झाला नाही. रोज केलेलं काम पराक्रमात मोजत नाहीत.

किंवा गोदामातला हमाल. डोक्यावर चुंबळ, हातात हूक, ट्रक आणि फलाट यांच्यामध्ये टाकलेली हलती फळी. जुन्या काळी पोतं १०० किलोंचं असे. गावच्या भीमाने जत्रेत एकदा उचललं त्यापेक्षा हा जास्त उचलतो, आणि खाली ठेवल्यावर टाळ्यांऐवजी पुढचं पोतं येतं. या लोकांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. कायद्याने हमालाला मजुरी, बोर्ड, भविष्य निर्वाह निधी दिला. गोष्ट द्यायची तरतूद त्यात नाही.

किंवा सायझिंगमधून (सुताला खळ लावतात तिथून) आलेला सुताचा बीम खांद्यावर घेऊन अरुंद गल्लीतून यंत्रमागाकडे जाणारा कामगार. तो तर आझमगडचा नाहीतर बस्तीचा. त्याच्या ताकदीची गोष्ट सांगायची तर कुठल्या पारावर, हा प्रश्नच आहे. इथल्या पारावर तो परका, आणि तिकडच्या पारावर वर्षातून एकदा पोचतो.

या तिघांना दूर ठेवा. आपला विषय दगड आहे.

शंकेखोर ऐकणारा

प्रत्येक बैठकीत एक असतो. तो बहुधा मास्तर किंवा मास्तरांचा मुलगा. "हे कसं शक्य आहे?" म्हणतो. त्याला वादात हरवू नये. त्याला अंबरनाथला न्यावं. इथून फार लांब नाही. तिथल्या शिवमंदिराबद्दल लोक सांगतात की पांडवांनी ते एका रात्रीत उभारलं, उजाडलं म्हणून काम राहिलं. मंदिरातच शिलालेख आहे, त्यावर शके ९८२, म्हणजे १०६० साल, आणि शिलाहार राजाचं नाव. गेली साडेनऊशे वर्षं लेख एक सांगतोय आणि लोक दुसरं. लेखाशी कुणी भांडत नाही. गोष्टही चालू राहते. शंकेखोराला तिथे उभा करून विचारावं, कोण जिंकलं?

मास्तर हुशार असेल तर म्हणेल, ते शेकडो मजुरांनी वर्षानुवर्षं राबून बांधलं, आणि त्या मजुरांचं नाव लेखातही नाही आणि गोष्टीतही नाही. त्याला तिथेच सोडून परत यावं. असा माणूस पारावर उपयोगाचा नाही, पण पुढच्या कामासाठी लागतो.

लिहून ठेवणे

हा भाग चेष्टेचा नाही.

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतही असेच गडी होते. अमक्याने दगड उचलला, तमक्याने एका दिवसात किती गवत कापलं, कुणी कुठला ओढा उडी मारून पार केला. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांना कामाला लावलं. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजारांच्या आसपास मुलं. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. विषयांच्या यादीत 'गावचे वीर' हा एक विषय होता, आणि त्याखाली राजे-सरदारांऐवजी आले ते धावणारे, पोहणारे, कापणी करणारे, ओझी वाहणारे. लाखो पानं जमली, जपली गेली, आणि अलीकडे तिथले हौशी लोक असल्या नोंदी चाळून उचलायचे जुने दगड शेतांत, दफनभूमींत जाऊन शोधून काढताहेत.

भिवंडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, वह्या आहेत, आणि ऐंशी पार केलेली माणसं अजून ओटीवर बसलेली आहेत. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एवढाच गृहपाठ द्या: तुमच्या गावात सर्वात जास्त ओझं कोणी उचललं, कशाचं, कुठून कुठे, आणि त्याचे पैसे किती मिळाले. शेवटचा प्रश्न वगळू नका. त्या प्रश्नाने डुबीवाले येतील, हमाल येतील, मोळीवाल्या येतील. भीमाला पैसे मिळाले नव्हते, तो वेगळ्या रकान्यात राहील, त्याची काळजी नको.

आणि तुमच्या गावचा दगड अजून जागेवर असेल तर तोला. गोदामांच्या पट्ट्यात ट्रक तोलायचे काटे आहेत. टेम्पो रिकामा तोला, दगड घालून पुन्हा तोला, वजाबाकी करा. ट्रकचा काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवतो, तेवढी सूट गड्याला देऊन टाका. पावतीवर तारीख छापून येते. दगड टेम्पोत चढवायला किती माणसं लागली तो आकडा तिच्या मागे लिहा, आणि त्यात कुणी हमाल असेल तर त्याचं पूर्ण नाव आणि गाव विचारून घ्या.